जाड पातं म्हणजे चांगला चाकू नव्हे

कॅम्पिंगसाठी पहिला चाकू घेणाऱ्याला हल्ली चहूबाजूंनी एकच सल्ला मिळतो. पातं ५-६ मिमी जाड हवं. लांबी ७ इंच तरी हवी. फुल टँग, म्हणजे मुठीत शेवटपर्यंत गेलेलं पोलाद, नसेल तर हात लावू नका. पोलाद हाय कार्बनच घ्या, कारण स्टेनलेसने ठिणगी पडत नाही. आणि हे सगळं कमी पैशांत मिळत नाही, तेव्हा पैसे साठेपर्यंत थांबा, स्वस्तातला चाकू जंगलात हातातच मोडतो. हा सल्ला इतक्या ठामपणे पुढे पाठवला जातो की नवखा माणूस एकतर चाकू घेतच नाही, नाहीतर बजेटात बसणारा सर्वांत जाड तुकडा उचलतो. मी हेच दुसरं केलं होतं, आणि म्हणूनच या सल्ल्याला उत्तर द्यावंसं वाटतं.

त्यातली एक गोष्ट खरी आहे, ती आधीच मान्य करतो. लाकडावर जोर लावायचा असेल तर मिटणारा चाकू चालत नाही. त्याचा सांधा ढिला होतो, कुलूप दगा देतं आणि पातं बोटांवर मिटतं. पहिला चाकू न मिटणाराच घ्या. मतभेद यापुढचा आहे.

जाडीचा दावा सर्वांत नुकसानकारक, म्हणून त्यावर जास्त बोलतो. माझ्या पहिल्या चाकूची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची बोथट कड, ६ मिमी जाड होती. पावसानंतरच्या एका मुक्कामात ओल्या फांदीचा कोरडा गाभा काढून त्यावर पातळ, कुरळे ढलपे सोलायचे होते, म्हणजे विस्तव पकडला असता. पातं लाकडात शिरायचं आणि लगेच वर उसळायचं. ढलप्याऐवजी खापे निघायचे. मला वाटलं धार गेली, म्हणून दगडावर घासत बसलो. धार ठीक होती, पाचरीसारखं पातंच आडवं येत होतं.

हिशेब साधा आहे. ६ मिमी जाड पात्याचा उतार, म्हणजे धारेकडे पातळ होत जाणारा घासलेला भाग, धारेपासून १० मिमी उंचीत संपवला, तर दोन्ही बाजू मिळून सुमारे ३३ अंशांचा कोन होतो. २.५ मिमी पात्याचा उतार ६ मिमी उंचीत संपवला तर तो २४ अंशांच्याही आत राहतो. हे नऊ-दहा अंश मनगटाला पहिल्याच कापात कळतात. जाड पातं चांगलं कापायला लावता येतं, पण त्यासाठी उतार पार पाठीपर्यंत न्यावा लागतो, ते घासण्याचं काम वेळखाऊ असतं आणि कमी किमतीच्या चाकूत सहसा तेच वाचवलेलं असतं. म्हणजे बजेट कमी असताना जाडी मागणारा माणूस नेमका वाईट कोन विकत घेतो.

आणि मजबुती? पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २.५ मिमीवरून ३.२ मिमीवर आलात की तो दुपटीहून जास्त होतो. ६ मिमीला तो जवळजवळ चौदापट होतो, पण एवढ्या ताठपणाचं काम छावणीत कुठलं? मनगटाएवढं, गाठी नसलेलं लाकूड पात्याच्या पाठीवर सोट्याने सरळ ठोकून फाडायचं असेल तर ३ मिमीचं पातं निर्धास्त चालतं. त्याहून जाड ओंडका हे कुऱ्हाडीचं काम आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी पर्वतात मुक्काम ठोकून राहिलेल्या होरेस केफार्ट यांनी आपल्या चाकूचं वर्णन करून ठेवलं आहे: पातं साडेचार इंच, पाठीची जाडी एक अष्टमांश इंच, म्हणजे ३.२ मिमी. जंगलात राहणाऱ्या माणसाने अनुभवाने गाठलेलं ते माप होतं.

लांबीचंही उत्तर त्यातच आलं. १० सेंटिमीटरच्या आसपासचं पातं टोकापर्यंत ताब्यात राहतं. ७ इंचांचं पातं धड कोयत्यासारखं तोडत नाही आणि खुंटीला खाच पाडताना टोक कुठल्या कुठे जातं. पाठीवर करवतीचे दात असलेलं पातं तर अजिबात घेऊ नका. ते दात लाकडात अडकतात आणि सोट्याने ठोकायची जागाच खाऊन टाकतात.

आता फुल टँग. मुठीत जाणारं पोलाद मुठीच्याच आकाराचं, शेवटपर्यंत अखंड असेल तर त्याला फुल टँग म्हणतात. दोन चाकू बाकी सर्व बाबतींत सारखे असतील तर फुल टँग जास्त मजबूत, यात वाद नाही. पण तो नसलेला चाकू मोडतोच, हे खोटं. फिनलंडच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या पुक्को चाकूचं पोलाद मुठीत निमुळतं होत जातं. स्वीडनच्या मोराक्निव्ह कंपनीचा कंपॅनियन हा नवख्यांना नेहमी सुचवला जाणारा स्वस्त चाकू आहे, आणि त्याचं टँग मुठीच्या शेवटापर्यंत पोचतही नाही.

चाकू मोडतो तो बहुधा दोन कारणांनी. पातं जिथे मुठीत शिरतं तिथे काटकोनी खाच ठेवलेली असते आणि सगळा ताण त्या कोपऱ्यात साठतो. नाहीतर पोलादाला पाणी चुकीचं दिलेलं असतं. या दोन्ही चुका फुल टँग चाकूतही होऊ शकतात.

पाणी देणं म्हणजे पोलाद तापवून, झटकन थंड करून कठीण करणं. चाकूचा खरा दर्जा तिथेच ठरतो. उदाहरणार्थ, १०९५ या क्रमांकाचं साधं पोलाद घ्या. त्यात जेमतेम एक टक्का कार्बन. ते सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तेलात झटकन थंड केलं की काचेसारखं कठीण आणि तितकंच ठिसूळ होतं. मग २०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून ठिसूळपणा उतरवायचा. यात गफलत झाली तर धार एकतर मुडपते किंवा तिला खांडे पडतात, मग पोलादाचं नाव काहीही असो. रॉकवेल सी मापावर ५६ ते ६० ही कॅम्पिंगच्या चाकूसाठी चांगली कठीणता. म्हणून विकत घेताना एक गोष्ट बघा: बनवणाऱ्याने पोलादाचा नेमका प्रकार आणि कठीणता छापली आहे का? ‘सर्जिकल स्टील’ किंवा ‘जर्मन स्टील’ एवढ्याने काहीच कळत नाही. नुसतं ‘४४०’ हा स्टेनलेसचा क्रमांक लिहिला असेल तरी सावध राहा. ४४०सीमध्ये कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो, ४४०एमध्ये त्याहून बराच कमी, आणि ते एक अक्षर सहसा उगाच गळलेलं नसतं.

स्टेनलेसबद्दलचा आकस जुना आहे. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये धातुतज्ज्ञ हॅरी ब्रिअर्ली यांनी गंजरोधक पोलाद ओतलं, तेव्हा त्याच्या सुऱ्यांना धार धरत नाही अशी टीका झालीच होती. पण त्याला शंभरावर वर्षं झाली. सुमारे ०.६ टक्के कार्बन आणि १३.५ टक्के क्रोमियम असलेलं १२सी२७ हे स्टेनलेस आज स्वस्त चाकूंत मिळतं. ते बारीक धार घेतं, दगडावर लवकर लागतं आणि ओल्या म्यानात रात्रभर राहिलं तरी सहसा सकाळी तांबूस दिसत नाही. पहिला चाकू वापरणारा माणूस पातं पुसून तेल लावायला विसरणारच. त्याच्यासाठी मी स्टेनलेसच सुचवेन.

ठिणगीच्या मुद्द्यात तर दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. गारगोटीवर पोलाद आपटतो तेव्हा जळणारा कण पोलादाचा असतो आणि तिथे हाय कार्बनच लागतं. पण आज बहुतेक जण विस्तवासाठी वापरतात ती फेरोसेरियमची सळई, ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ साली पेटंट घेतलेल्या मिश्रधातूची. तिथे जळतो तो सळईचा कण. पातं फक्त खरवडतं, त्यामुळे ते स्टेनलेस असलं तरी फरक पडत नाही. गरज असते ती पाठीची कड काटकोनी आणि तीक्ष्ण असण्याची. अनेक स्वस्त चाकूंची पाठ गोलसर केलेली असते. कानशीने बोटभर लांबीची कड काटकोनात आणली की काम होतं.

या सल्ल्यात म्यानाचा आणि मुठीचा उल्लेखच नाही, याचं मला सर्वांत वाईट वाटतं, कारण इजा तिथूनही होते. म्यान उलटं धरून हलवा. चाकू सुटून पडला तर तो चाकू परत करा. म्यानाच्या तळाला पाणी निथळायला भोक हवं. कार्बन पोलाद कातडी म्यानात कायम ठेवू नका, कातडं ओलावा धरून ठेवतं. मूठ ओल्या हाताने घट्ट धरून बघा. बोटांसाठी खोल खाचा पाडलेली मूठ दुसऱ्याच कुणाच्या बोटांच्या मापाची असते आणि अर्ध्या तासात तळहातावर फोड आणते. पहिल्या चाकूला बोट धारेवर घसरू नये म्हणून पुढे छोटा उंचवटा असलेला बरा.

राहिला ‘पैसे साठेपर्यंत थांबा’ हा मुद्दा. थांबण्यात जाते ती शिकण्याची संधी. धार लावायला कुणी महागड्या पात्यावर शिकू नये, आणि सपाट उताराचं साधं पातं त्यासाठी फार सोयीचं. उतारच दगडावर टेकवायचा, कोनाचा अंदाज बांधावा लागत नाही. चाकूच्या बजेटातून एका धारेच्या दगडाचे पैसे आधी बाजूला काढा, एक बाजू साधारण ४०० आणि दुसरी १००० ग्रिटची (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). त्यातून आणखी काही उरलं तर घडीची छोटी करवत घ्या. मनगटाहून जाड फांदी ती काही मिनिटांत कापते, आणि त्या ६ मिमी पात्याकडून ज्या कामाची अपेक्षा होती ते काम तिथेच संपतं.