टायमिंग गेलं की चावी तुटली? नागपुरात सक्करदऱ्याच्या कट्ट्यावरचा वाद

वादाचं कारण छोटा हत्तीच्या हौद्यात उभं होतं. चिनी बनावटीचं ११० सीसीचं एटीव्ही (जाड टायरांची, हँडलवर चालणारी चारचाकी), चारही चाकांना हिंगण्याकडची काळी माती वाळून चिकटलेली. अशा गाडीचं आरटीओत पासिंग होत नाही, त्यामुळे शेतावरून दुरुस्तीला आणायची तर टेम्पोतच. मालकाची तक्रार: पावसाळाभर उभी होती. आता सेल्फ मारला की इंजिन फिरतं, मध्येच उलटा झटका देऊन अडतं, कधी कार्ब्युरेटरमधून ‘फट्’ होतं. चालू मात्र होत नाही.

पानठेल्याजवळ उभ्या पिंट्याने गाडीला हात न लावताच निकाल दिला. “टायमिंग गेलं बे. कॅम १८० डिग्री उलटा बसला आहे. हेड खोलावं लागते.” (क्रँक म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा; कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा, क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरणारा दांडा; हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग; आणि या सगळ्यांचा स्पार्कशी मेळ म्हणजे टायमिंग.)

“उलटा बसणार कसा?” आयटीआयचे मास्तर कट्ट्यावरूनच म्हणाले. “या इंजिनात ते शक्यच नाही.”

इथून पेटलं. पिंट्याचं म्हणणं, जुन्या कारच्या इंजिनात असं होतं, त्यानं स्वतः पाहिलं आहे. मास्तरांचं म्हणणं, कारमध्ये होतं, कारण तिथे प्लगांना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर असतो, कॅमच्या वेगाने फिरतो, तो उलटा बसवला की स्पार्क एक्झॉस्टच्या फेरीत पडतो. इथे डिस्ट्रिब्युटर कुठे आहे? सीडीआयला, म्हणजे स्पार्क पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला, इशारा देतो तो मॅग्नेटच्या (चुंबकं बसवलेल्या चाकाच्या) बाहेरचा उंचवटा, आणि मॅग्नेट थेट क्रँकवर आहे. क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्पार्क पडतो. एक कामाचा, एक एक्झॉस्ट स्ट्रोकला वाया. मॅग्नेटवरची ‘टी’ खूणसुद्धा (पिस्टन अगदी वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला असल्याची) कॅमच्या एका फेरीत दोनदा समोर येते. तेव्हा ‘टी’ जुळली आणि कॅम गरारीचा (दातेरी चाकाचा) ठिपका बरोबर विरुद्ध दिशेला दिसला, तर क्रँक एक पूर्ण फेरी फिरवायची. ठिपका आपोआप हेडवरच्या खाचेसमोर येतो. खोलायचं काहीच नाही.

पिंट्या थोडा गप्प झाला, पण हटला नाही. “बरं, १८० नाही, तर एक-दोन दात तर सरकू शकते ना?”

हे मात्र मास्तरांनी मान्य केलं. गरारीचे दात मोजून घ्या, २८ असतील तर एक दात म्हणजे कॅमवर जवळपास १३ अंश आणि क्रँकवर त्याच्या दुप्पट, २६ च्या आसपास. एवढ्याने गाडी रडतखडत चालू होऊ शकते, दोन दातांनी मात्र अवघड. आणि कॅम फिरवणारी चेन उगाच सरकत नाही. ताणणारा दांडा अडकलेला असतो, किंवा आतल्या रोलरचं रबर खाल्लेलं असतं, किंवा कोणीतरी नुकतंच हेड उघडलेलं असतं. मालकाला विचारलं, हेड कधी उघडलं का? नाही. चेनचा खडखडाट होता का? नाही.

वासूभाऊ तोवर हौद्यात चढून वायरिंग चाचपत होते. दुचाकीचं गॅरेज चालवणारा माणूस, बोलतो कमी. “तुम्ही दोघं भांडत राहा. मी आधी किल स्विच पाहून राहिलो.”

या गाड्यांचं हे खरंच आहे, लहान मुलांच्या म्हणून विकल्या जातात आणि बंद पाडायच्या जागा त्यांना मोटरसायकलपेक्षा जास्त. हँडलवरचा लाल स्विच, मागची दोरी ओढायचा स्विच, काहींना रिमोटचा अलार्म, आणि ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही तो वेगळाच. एसी सीडीआय (बॅटरीवर नव्हे, मॅग्नेटच्या विजेवर चालणारा) असेल तर सीडीआयची काळी-पांढरी वायर अर्थ झाली की स्पार्क बंद. म्हणून तपासणीपुरती ती एक वायर सोडवायची, प्लग हेडला टेकवून सेल्फ मारायचा. वासूभाऊंनी मारला. स्पार्क निळा, दणदणीत. त्याच झटक्यात बॅटरीही पाहिली: उभी असताना १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४. मास्तरांनी मान डोलावली, कारण ढिली बॅटरीसुद्धा कम्प्रेशनवर (पिस्टन हवा दाबतो तिथे) अडते आणि उलट्या झटक्यासारखंच वाटतं. ९.६ च्या खाली गेली असती तर चर्चा तिथेच थांबली असती.

पेट्रोलचा मुद्दा दोन वाक्यांत संपला. पावसाळाभर टाकीत राहिलेलं इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओल धरतं, ते काढून टाकायचंच, कार्ब्युरेटरमधला बारीक भोकाचा पायलट जेटही साफ करायचा. पण प्लगच्या भोकातून ताजं पेट्रोल चमचाभरही नाही, २-३ मिली टाकलं तरी गाडी एकदाही धड पेटली नाही, नुसता झटका. म्हणजे दोष पेट्रोलच्या पलीकडचा. कम्प्रेशन गेज लावला, थ्रॉटल पूर्ण उघडून: दाब १० किलोच्या वर.

“पाहा,” मास्तर म्हणाले, “कॅम दोन दात मागे असता तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद झाला असता आणि गेज इतका चढलाच नसता.”

“पुढे सरकला असला तर?” पिंट्याने बरोबर पकडलं. कॅम पुढे सरकला तर सेल्फच्या मंद वेगाला कम्प्रेशन उलट वाढूच शकतं. मास्तरांना हे मान्य करावं लागलं. नुसत्या गेजवरून कॅमला क्लीन चिट देता येत नाही.

“मग पाहूनच टाकू,” पिंट्या म्हणाला. “डाव्या बाजूचं हेडचं गोल झाकण काढतो, बोल्ट उजवीकडून आरपार येतो, १० चा पाना. मॅग्नेटचा ‘टी’ जुळवतो. कॅमचा ठिपका समोरच्या खाचेवर नसला तर गरारी काढून चेन एक दात हलवतो. अर्ध्या तासाचं काम.”

वासूभाऊ पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. “अन् ‘टी’ खोटं बोलत असला तर?”

सगळ्या वादाचं मर्म इथे होतं, आणि कट्ट्यावर हे फार कमी जणांच्या डोक्यात येतं. ‘टी’ खूण क्रँकवर नाही, मॅग्नेटवर आहे. मॅग्नेट क्रँकच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) बसतो, नटाने आवळला जातो आणि त्याची जागा ठरवते ती एक अर्धचंद्राकृती चावी. नट ढिला पडला, चावी कापली गेली, की मॅग्नेट क्रँकवर सरकतो आणि त्याच्याबरोबर ‘टी’ही सरकतो आणि स्पार्कची वेळही. अशा इंजिनात सेल्फचा एकदिशा क्लच मॅग्नेटच्या पाठीवरच बोल्ट केलेला असतो. म्हणजे सेल्फची सगळी ताकद मॅग्नेटमधून, टेपरवरून क्रँकला जाते. चावी गेली असेल तर सेल्फ मॅग्नेटला क्रँकच्या पुढे ढकलतो, स्पार्क वेळेआधी पडतो, वर येणारा पिस्टन मागे फेकला जातो. उलटा झटका तोच. आणि आता पिंट्या खोट्या ‘टी’वर कॅम जुळवायला गेला, तर बरोबर असलेलं व्हॉल्व्ह टायमिंगही बिघडवून ठेवेल. मग दोन दोष, आणि दोन्ही एकमेकांना झाकणारे.

“मग खरा टीडीसी कसा काढायचा?” पिंट्या.

“प्लगच्या भोकातून काडी घाल,” वासूभाऊ म्हणाले.

प्लगचं भोक तिरकं असतं, लोखंडी तार नको, पिस्टन ओरबाडेल किंवा आत अडकेल. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर २०२२ मध्ये बंदी आली, आणि कागदी स्ट्रॉ पेट्रोलने मऊ पडून आतच तुटायची. म्हणून लांब केबल टाय. बाहेरचं टोक पक्कं धरायचं. क्रँक फिरवायचा मॅग्नेटच्या नटावर सॉकेट लावून, डाव्या बाजूने पाहता घड्याळाच्या उलट दिशेने. नटाचे आटे सरळ असल्याने याच दिशेने तो सुटतोही, म्हणून प्लग काढल्याशिवाय फिरवायचं नाही. टीडीसीच्या आसपास पिस्टन थोडा थांबल्यासारखा वाटतो, नेमका बिंदू डोळ्याला कळत नाही. म्हणून टाय एका ठरावीक खोलीवर असताना मॅग्नेटवर मार्करने एक खूण, पुढे तीच खोली परत आली की दुसरी. दोन खुणांच्या बरोबर मधोमध खरा टीडीसी.

मग पाहायचं. ठिपका खाचेवर, पण ‘टी’ बाजूला: चावी. ‘टी’ बरोबर, ठिपका बाजूला: चेन. दोन्ही बरोबर असतील तर टायमिंगचा नाद सोडून टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पाहायचे, थंड इंजिनाला ०.०५ मिलिमीटर.

झाकण उघडलं. थोडं ऑइल सांडलं, गॅस्केट वाचलं. ठिपका खाचेसमोर अगदी सरळ. ‘टी’ दोन खुणांच्या मध्यापासून सव्वा सेंटीमीटर दूर. मॅग्नेटचा व्यास १० सेंटीमीटर धरला तर घेरावर १ सेंटीमीटर म्हणजे ११ अंशांहून जास्त. इथे स्पार्क तेवढा आणि वर थोडा लवकर पडत होता.

पिंट्याने हार मानली, पण दुसरं भांडण लगेच काढलं. “चावी नसली तर खिळा घासून बसवू. लोखंडच आहे ना.”

“नाही बे,” वासूभाऊ म्हणाले. “चावी ताकद घेत नाही. ती फक्त जागा दाखवते. ताकद टेपर घेतो.” टेपरवर गंज किंवा तेल असलं तर कोणतीही चावी परत कापली जाईल. खिळा कडक निघाला तर तो टिकेल आणि क्रँकची खाच रुंद करेल, मग क्रँकच बदलायचा. म्हणून पुलरनेच मॅग्नेट काढायचा. पुलरचे आटे बऱ्याचदा उलटे असतात, आधी नीट पाहायचं. हातोडी अजिबात नाही, चुंबकं निखळतात. जुन्या चावीचे दोन्ही तुकडे मोजून बाहेर, एकही मॅग्नेटला चिकटून आत राहायला नको. टेपरवर व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टचा बारीक थर लावून मॅग्नेट हाताने थोडा इकडे-तिकडे फिरवायचा, दोन्ही पृष्ठं सारखी करडी झाली की पेट्रोलने धुऊन कोरडी करायची. नवी चावी, नट ३५ ते ४० न्यूटन-मीटर. पिकअपचं (मॅग्नेटचा उंचवटा टिपणाऱ्या सेन्सरचं) अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास.

मालकाने विचारलं, चावी किती रुपयांची? वासूभाऊंनी त्याला इतवारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात पिटाळलं, जुना तुकडा आणि नट दोन्ही खिशात घालून, कारण मापाशिवाय मागितली तर हमखास वेगळीच मिळते.