भांडी घासायचीत, पण कोणी?

चाळिशीनंतर माणसं झुंबा नाहीतर मिलेट्सच्या मागे लागतात, मी स्पॅनिशच्या लागले. सुरुवात मजेत गेली. ‘मे गुस्ता’ म्हणजे ‘मला आवडतं’, त्यात काय एवढं, आपण जन्मापासून तसंच बोलतो, बाकीची पोरं ‘आय लाइक’च्या चालीवर ‘यो गुस्तो, यो गुस्तो’ करत बसायची आणि मी मागच्या बाकावरून भाव खायचे.

मग प्रीपोझिशन्स आल्या आणि सगळा भाव उतरला. ‘देखार दे’च्या पुढे क्रियापद तसंच्या तसं ठेवलं, की ती गोष्ट सोडली. आणि मधला ‘दे’ विसरलात तर? करू दिली! मी वर्गात उभी राहून ऐटीत सांगायला गेले की गोड खाणं सोडलंय, नेमका ‘दे’ गिळला, आणि अर्थ झाला ‘मी गोड खाऊ दिलं’. मॅडम म्हणाल्या, ‘‘कुणाला?’’ आता काय सांगणार, आदल्याच रात्री श्रीखंडाचा डबा चाटूनपुसून साफ केला होता.

‘एम्पेसार’ म्हणजे सुरू करणं, त्याला ‘आ’, ‘त्रातार’ म्हणजे प्रयत्न करणं, त्याला ‘दे’, ‘सोन्यार’ला ‘कोन’, म्हणजे स्वप्नसुद्धा ‘कोन’ लावल्याशिवाय बघायचं नाही. का? तर पाठ करा. आणि ‘जेवण्याआधी’साठी मी इंग्लिशच्या ‘ईटिंग’ला धरून ‘आंतेस दे कोमिएंदो’ लिहिलं, त्यावर लाल फुली. बरोबर होतं ‘आंतेस दे कोमेर’. घरी येताना रिक्षात ट्यूब पेटली, अगं आपण तरी ‘जेवताना आधी’ कुठे म्हणतो, ‘जेवण्याआधी’च म्हणतो की! उगाच लंडनमार्गे माद्रिदला गेले.

कर्ता नसलेली क्रियापदं मात्र ओळखीची निघाली. ‘अमानेसे’ म्हणजे उजाडतं, ‘त्रुएना’ म्हणजे गडगडतं, ‘आसे कालोर’ म्हणजे गरम होतंय. कोण करतंय? कोणीच नाही. शाळेत ‘भावकर्तृक’ म्हणून दोन मार्कांसाठी घोकलं होतं तेच हे, उजाडलं, मळमळतंय वगैरे.

परवा ‘आय के’ शिकवलं, भरभर म्हटलं की चक्क ‘ऐके’ ऐकू येतं. त्याच्यापुढे क्रियापद टाकायचं, म्हणजे अमुक करायला हवं, पण कोणी ते सांगायचं नाही. मी लगेच घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, ‘‘आय के फ्रेगार लोस प्लातोस.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘भांडी घासायला हवीत.’’

‘‘हो, हवीतच,’’ म्हणाला आणि मॅच बघत बसला. व्याकरण त्याला एका झटक्यात कळलं.


भांडी मीच घासली.