लेबल मंजूर झालं, पण ते पाळता येतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपली सविस्तर प्रतिक्रिया नीट वाचली. त्यातले आक्षेप मोलाचे आहेत आणि दोन ओळींत आटोपण्यासारखे नाहीत, म्हणून जरा मोठं उत्तर लिहितो आहे.

ज्यांनी मूळ लेख किंवा ही प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझं म्हणणं असं होतं की कीटकनाशकाच्या लेबलवरची प्रत्येक सूचना वापरणाऱ्याला खरोखर पाळता येते का, हे नोंदणीआधी तपासलं पाहिजे, आणि पाळता येत नसेल तर तेवढ्या वापरापुरती नोंदणी देऊ नये. आपण कीटकनाशक उद्योगात नोंदणीच्या कामात बरीच वर्षं आहात. आपलं म्हणणं असं की लेबलचा मजकूर नियामक, म्हणजे नोंदणी देणारी सरकारी यंत्रणा, मंजूर करतो आणि कंपनीला त्यातला एक शब्दही बदलता येत नाही. मंजुरीनंतर कंपनीची जबाबदारी संपते; लेबल हाच कायदा, ते न वाचणारा किंवा मोडणारा दोषी. माझी सूचना आपल्याला भावनिक वाटते, शास्त्रीय नाही. शिवाय ज्याला जास्त माहिती हवी त्याच्यासाठी क्यूआर कोड आहेच.

‘भावनिक’ या शब्दापासूनच सुरुवात करतो, कारण खरा मतभेद तिथेच आहे.

फवारणाऱ्याच्या जोखमीचं मूल्यांकन कसं होतं हे आपण माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. समजा, एखाद्या सक्रिय घटकासाठी स्वीकारार्ह संपर्काची पातळी दिवसाला किलो वजनामागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. द्रावण तयार करताना आणि फवारताना हातांवाटे ०.०५ आणि उरलेल्या अंगावाटे ०.००३ इतका संपर्क होतो. बेरीज ०.०५३, म्हणजे मर्यादेच्या पाचपटीहून जास्त. उत्पादन नापास. मग हातमोजे येतात. योग्य हातमोजे हातांवरचा संपर्क ९० टक्क्यांनी कमी करतात, असं बऱ्याच प्रारूपांत धरलं जातं. हातांचा आकडा ०.००५ वर येतो, बेरीज ०.००८ होते, उत्पादन पास. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण गणित याच वळणाने जातं.

या उदाहरणात उत्पादन कशामुळे पास झालं? रेणू तोच होता, मात्रा तीच होती. बदललं ते एकच गृहीतक, आणि ते लेबलवर एका ओळीत छापलं गेलं: ‘रसायनरोधक हातमोजे घाला’. म्हणून ती ओळ मला सल्ला वाटत नाही. नोंदणीचा निर्णय तिच्यावर उभा आहे. ती पाळली जाण्याची शक्यता किती, हा प्रश्न विचारणं म्हणजे मूल्यांकनातलं एक गृहीतक तपासणं. अर्धायुष्याचा (पदार्थ निम्मा उरायला लागणाऱ्या वेळेचा) किंवा त्वचेतून शोषणाचा आकडा पुराव्याशिवाय कोणी मान्य करत नाही. मग हातमोज्यांच्या आकड्याला ही सूट का? हातमोजे किती टक्के अडवतात याची चाचणी होते. ते घातले जातात का, हे मात्र गृहीत धरलं जातं.

हे माझं एकट्याचं मत नाही. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशक व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता तुमच्या उद्योगाच्या संघटनाही प्रमाण मानतात. तिच्या कलम ३.६ चा आशय असा की जी कीटकनाशकं हाताळायला अंगावर घालवत नाहीत, महाग पडतात किंवा सहज मिळत नाहीत अशी संरक्षक साधनं लागतात, ती टाळावीत. विशेषतः उष्ण हवामानातले छोटे शेतकरी आणि शेतमजूर यांच्या बाबतीत. ‘साधनं वापरा असं लेबलवर छापा’ असं ते कलम म्हणत नाही. ‘टाळा’ म्हणतं. भर उन्हात अंगभर रबरी पोशाख चढवून पाठीवरचा पंप चालवायला सांगणारं लेबल कायद्याच्या चौकटीत चोख बसेल, पण ते कोणासाठी लिहिलंय, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

दुसरं उदाहरण काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधीचं, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायच्या दिवसांचं. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. चार दिवस ठेवली तर ती जून होते आणि बाजारात कोणी हात लावत नाही. अशा पिकावर फवारणी आणि तोडणी यांत सात दिवसांचं अंतर ठेवायला सांगितलं, तर शेतकऱ्याने मधल्या तीन तोडण्या फेकून द्याव्यात असा त्याचा अर्थ होतो. तो ते करणार नाही, हे सूचना लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं. आणि कमाल अंश मर्यादा, म्हणजे शेतमालात कीटकनाशकाचा जास्तीत जास्त किती अंश चालतो ती मर्यादा, तर याच सूचनेवर बेतलेली असते: लेबलवरची जास्तीत जास्त मात्रा, जास्तीत जास्त फवारण्या, कमीत कमी प्रतीक्षा, असं धरून घेतलेल्या क्षेत्रीय चाचण्यांमधून ती निघते. पहिली पायरी शेतात टिकत नसेल तर पुढची सगळी आकडेमोड हवेत राहते. मग नमुना नापास झाला की आपण म्हणणार, ‘लेबल पाळलं नाही.’ दर दोन दिवसांनी तोडायच्या पिकाला सात दिवसांची अट घालून ते उत्पादन त्या पिकासाठी नोंदवलंच का, हे मात्र कोणी विचारणार नाही.

आता ‘वाचत नाही त्याचा दोष’ या मुद्द्याकडे येतो. १९७१ मध्ये इराकने दुष्काळानंतर पेरणीसाठी गहू आणि बार्लीचं बियाणं आयात केलं. बुरशी लागू नये म्हणून त्याला मिथाइल पाऱ्याचं संयुग चोळलेलं होतं. पोत्यांवर इशारे होते, पण स्पॅनिश आणि इंग्रजीत. कवटी आणि हाडांचं चित्रही होतं; ते ओळखणारं तिथे फारसं कोणी नव्हतं. दाण्यांना धोक्याची खूण म्हणून लाल रंग दिला होता. लोकांनी दाणे धुतले, रंग गेला, विषही गेलं असं समजून त्या धान्याच्या रोट्या केल्या. पारा धुण्याने जात नव्हता. त्यात लक्षणं दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे सुरुवातीला खाणाऱ्यांना काहीच झालं नाही आणि शंका घ्यायला कारणही उरलं नाही. ६,५३० जण रुग्णालयांत दाखल झाले आणि त्यांतले ४५९ दगावले.

त्या पोत्यांवर लेबल होतं. शब्द, चित्र, रंग, तिन्ही होते. ‘सूचना दिली होती’ हे विधान अक्षरशः खरं आहे. त्या शेतकऱ्यांना आपण दोषी म्हणाल का? म्हणणार नाही, याची मला खात्री आहे. मग सूचना दिली गेली आणि सूचना पोचली या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपल्यालाही मान्य आहे. एवढंच की इराकमधली दरी इतकी मोठी होती की ती नजरेत भरते, आणि रोजच्या लेबलांतली दरी लहान असल्याने सुटून जाते.

रोजची दरी कशी असते? मात्रेचीच गोष्ट घ्या. लेबल म्हणतं हेक्टरी ५०० मिलि, ५०० लिटर पाण्यात. वापरणाऱ्याच्या पाठीवर १६ लिटरचा पंप आहे, म्हणजे एका पंपाला १६ मिलि. इथवर ठीक. पण नोझल, चालण्याचा वेग आणि पिकाची उंची यांनुसार हेक्टरी पाणी कधी ३०० लिटर लागतं, कधी ७५०. पंपाची मात्रा तीच ठेवली तर पहिल्या शेतात ३०० मिलि पडतं, दुसऱ्यात ७५०. एकीकडे कीड मरत नाही आणि प्रतिकारक्षमता वाढायला मदत होते, दुसरीकडे अंश वाढतात. दोघांनीही आपापल्या समजुतीप्रमाणे लेबल पाळलेलं असतं. पंपाला किती घ्यायचं याचा छोटा तक्ता, हेक्टरी पाणी कसं मोजायचं याच्या दोन ओळी आणि मिलिच्या खुणा असलेलं टोपण दिलं तर हा घोळ बराच कमी होईल. त्याला नवं विज्ञान लागत नाही.

रंगांचंही तसंच. तोंडावाटे एलडी ५० (चाचणीतले निम्मे प्राणी मरतात ती मात्रा) किलोला १,००० मिलिग्रॅम असलेलं एक उत्पादन घ्या. भारताच्या १९७१ च्या नियमांत ५०१ ते ५,००० या टप्प्याला निळा त्रिकोण आहे, म्हणून ते निळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ५० ते २,००० म्हणजे वर्ग २, आणि अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार त्याचा पट्टा पिवळा. पदार्थ तोच, धोका तोच, रंग दोन. दोन्ही पद्धतींमागे आपापला तर्क आहे, तो मी नाकारत नाही. पण रंग हीच ज्याची एकमेव लिपी आहे त्याच्यापुढे आपण काय ठेवतो आहोत, याचा विचार व्हायला हवा. त्यात हे सगळे रंग तीव्र विषबाधेचे आहेत. वर्षानुवर्षांच्या संपर्काने होणाऱ्या आजारांबद्दल सर्वांत कमी विषारी गटाचा हिरवा त्रिकोण काहीच सांगत नाही, आणि पाहणारा मात्र हिरवं म्हणजे निर्धोक असं धरून चालतो.

‘नियामकाने मंजूर केलं की आमची जबाबदारी संपली’ हे आपलं वाक्य मला सर्वांत जास्त खटकलं. ‘लेबल हाच कायदा’ हे सूत्र अमेरिकेतून आलं, तेव्हा तिथलंच पाहू. फिफ्रा या तिथल्या कीटकनाशक कायद्यात स्पष्ट लिहिलंय की नोंदणी असणं हा त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा बचाव ठरत नाही. त्याच कायद्याने नोंदणीधारकावर घातलेलं आणखी एक बंधन असं की नोंदणीनंतरही दुष्परिणामांची माहिती हाती आली तर ती नियामकाला कळवायची.

आणि २००५ चा बेट्स विरुद्ध डाऊ अॅग्रोसायन्सेस हा निकाल आपल्याला माहीत असेलच. टेक्सासमधल्या २९ भुईमूग उत्पादकांचा दावा होता की स्ट्राँगआर्म या तणनाशकाने २००० च्या हंगामात त्यांचं पीक खुरटलं. लेबलवर लिहिलं होतं की भुईमूग घेतला जातो त्या सर्व भागांत हे वापरावं. पुढच्या हंगामासाठी कंपनीने टेक्सास, ओक्लाहोमा आणि न्यू मेक्सिकोपुरतं पुरवणी लेबल मंजूर करून घेतलं: सामू (पीएच) ७.२ किंवा त्याहून जास्त असलेल्या जमिनीत वापरू नका. पहिलं लेबलही मंजूरच होतं. पण उत्पादन किती परिणामकारक आहे याची माहिती तपासण्याची अट तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शिथिल केलेली होती. म्हणजे ‘सर्व भागांत’ हे शब्द शेतीच्या अंगाने कोणी पारखलेलेच नव्हते. राज्याच्या कायद्याने घातलेली बंधनं संघराज्याच्या कायद्यातल्या लेबलच्या अटींशी समांतर असतील तर असे दावे आपोआप बाद होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. नियामकाचा शिक्का नेमका कशावर बसला आहे हे कंपनीला सर्वांत चांगलं माहीत असतं. ज्यावर तो बसलेला नाही, तिथे मंजुरीचा आधार घेता येत नाही.

आपलं एक म्हणणं मला पूर्ण पटतं. लेबलची गर्दी वाढण्याला नियामक तितकाच जबाबदार आहे. प्रत्येक पुनरावलोकनात आणखी एक इशारा घातला जातो, जुना काढायला कोणी धजावत नाही, आणि शेवटी अक्षर इतकं बारीक होतं की भिंगाशिवाय वाचता येत नाही. अमेरिकेत किमान ६ पॉइंटची अट आहे. तेवढं अक्षर चांगल्या उजेडात आणि चांगल्या डोळ्यांना कसंबसं दिसतं. कंपनीला मजकूर सोपा करायचा असेल तर तो बदल झटपट तपासून मिळण्याची सोय हवी. त्यासाठी उद्योगाने आवाज उठवला तर मी बरोबर आहे.

क्यूआर कोडला माझा विरोध नाही. सगळ्या पिकांची यादी, इतर भाषांतला मजकूर, डॉक्टरांसाठीची सविस्तर माहिती यांसाठी तो उत्तम. पण ज्याच्या डोळ्यांत द्रावण उडालंय त्याने मोबाइल शोधावा, ही अपेक्षा धरता येणार नाही. प्रथमोपचार, धोक्याची खूण, हातमोजे, मात्रा, प्रतीक्षा कालावधी हे डब्यावरच हवं, आणि वापरणाऱ्याच्या भाषेत हवं. अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने लेबलवरच्या आरोग्य-सुरक्षेच्या मजकुराचा स्पॅनिश अनुवाद टप्प्याटप्प्याने बंधनकारक केला, तोही जास्त विषारी आणि निर्बंधित उत्पादनांपासून सुरुवात करून. प्राधान्याचा हा क्रम मला योग्य वाटतो.

काही धोके कोणत्याही लेबलच्या आवाक्यात नसतात, हेही मान्य करायला हवं. श्रीलंकेने १९९५ पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्ग १ मधली, म्हणजे सर्वांत विषारी, कीटकनाशकं आणि १९९८ मध्ये एंडोसल्फान हे कीटकनाशक बंद केलं. १९९५ ते २००५ या काळात तिथला आत्महत्यांचा दर जवळपास निम्म्यावर आला. कवटीचं चित्र मोठं करून हे घडलं नसतं. विष हाताशी नसणं हाच तिथे उपाय होता.

आपण शेवटी विचारलंत की उद्यापासून नोंदणी विभागाने नेमकं वेगळं काय करायचं. माझी सूचना एका तक्त्याची आहे. लेबलच्या मसुद्यातली प्रत्येक अट एका ओळीत लिहा. तिच्यासमोर ती अट पाळली नाही तर संपर्काचा किंवा अंशाचा आकडा कितीवर जातो ते लिहा. ही गणितं आपल्याकडे आधीच तयार असतात, कारण हातमोज्यांशिवायचा आकडा काढल्याशिवाय हातमोज्यांसहचा निघत नाही. तिसऱ्या रकान्यात ती अट पाळता येते याचा पुरावा द्या: ज्यांना हे विकणार त्यांतल्या काही जणांच्या हाती मसुदा देऊन, पंपात साधं पाणी भरून, त्यांना काय समजलं आणि त्यांनी काय केलं ते बघा. दुसऱ्या रकान्यातला आकडा मर्यादेबाहेर जातो आणि तिसरा रकाना रिकामा आहे, अशी ओळ आढळली तर वेष्टन बदला, द्रावणाची तीव्रता कमी करा, पाण्यात विरघळणारी पुडी द्या किंवा त्या पिकाचा दावा मागे घ्या. नियामकाने असा तक्ता अर्जासोबतच मागावा, म्हणजे तो प्रामाणिकपणे भरणारी कंपनी न भरणाऱ्या कंपनीच्या मागे पडणार नाही.