विषय: कर्मचाऱ्यांना माहिती देणेबाबत (निरंक)

साहेब, नव्याने तालुक्याचे अधिकारी म्हणून रुजू झालात, अभिनंदन. सत्कार उरकले, शाली कपाटात गेल्या, आता जरा हाताखालच्या माणसांकडे बघू, त्यांना पाठबळ आणि माहिती कशी द्यायची ते. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक असं जुनं काही तोंडातून जाऊ देऊ नका. २०२४ मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी, आणि पुढच्याच वर्षी कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी. तिघंही अधिकारी झाले. म्हणजे पाठबळाचा विषय परस्पर मिटला. उरली माहिती.

सरकारी मराठीत माहिती 'सादर' करतात, देत नाहीत. ती धुरासारखी खालून वर जाते. वरून खाली येतं ते फक्त प्रपत्र, म्हणजे भरायचा कोरा तक्ता. एवढं एक डोक्यात पक्कं बसलं की तुमची कारकीर्द सुखाची.

सुरुवात व्हॉट्सॲप ग्रुपनं करा. 'अतिवृष्टी', मग 'अतिवृष्टी फायनल', मग 'फायनल २'. शिवाय ई-पीक पाहणीचा, फार्मर आयडीचा, ई-केवायसीचा असे वेगवेगळे. सगळ्यांत 'फक्त ॲडमिन' ठेवा. नाहीतर लोक शंका विचारतात.

शासन निर्णय आला तर अख्खी पीडीएफ टाकायची नाही. पहिल्या पानाचा तिरका फोटो, चहाच्या कपासकट. दर आणि मर्यादा नेमकी कुठल्या पानावर आहे ते गावकरी सांगतीलच. ते तर आधीच टीव्हीवर बघून चावडीत बसलेले असतात. पीकनुकसानीची मदत जिरायतीला हेक्टरी ८,५०० आणि दोन हेक्टरची मर्यादा होती, जानेवारी २०२४ मध्ये १३,६०० आणि तीन हेक्टर झाली, मे २०२५ मध्ये परत ८,५०० आणि दोन, ऑक्टोबरात दर तोच पण मर्यादा तीन, वर रब्बीसाठी हेक्टरी १०,००० वेगळे. हे सगळं गावच्या पारावर तोंडपाठ आणि सजेवरचा, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीतल्या गावांवरचा, माणूस गप्प. "साहेब, टीव्हीवर कालच सांगितलं की! तुम्हालाच कसं म्हाईत न्हाई?" या प्रश्नाला उत्तर नसणं यालाच कर्मचाऱ्याची जडणघडण म्हणतात.

२ सप्टेंबर २०२५ ला मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी हैदराबाद गॅझेटचा निर्णय निघाला तेव्हाही हेच झालं. गावपातळीच्या समितीत कोण, तर हेच तिघं. त्याच महिन्यात धाराशिव-बीडपासून नांदेडपर्यंत रानं पाण्याखाली. पंचनाम्याला कोण, तर हेच तिघं. आपण समितीत आहोत हे कित्येकांना दाखला मागायला आलेल्या माणसाकडून कळलं. काय वाईट झालं? कळलं ना.

आता प्रपत्र. हा तुमच्या प्रशासनाचा प्राण, जिवापाड जपा. पंचनामे सुरू होण्याआधी चुकूनही पाठवू नका. आधी लोकांना रानात उतरू द्या. गाडीच्या मडगार्डात काळी माती घट्ट बसून चाक फिरायचं थांबलं की गाडी तिथंच टाकून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, सोयाबीनच्या शेंगांना फुटलेले कोंब बघत दोन-अडीचशे खातेदार होऊ द्या. गट नंबर, पोटहिस्सा, पीक, बाधित क्षेत्र, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर की खाली, आधार, खाते क्रमांक, आयएफएससी, सामायिक खातं असेल तर बाकीच्यांचं संमतिपत्र. हे सगळं भरून झालं की मग रात्री पावणेअकराला 'सुधारित प्रपत्र' सोडा. खाली 'उद्या सकाळी १० पर्यंत, सबब चालणार नाही'. सुधारणा काय? हेक्टर आणि आर (हेक्टरचा शंभरावा भाग) दोन रकान्यांत होते, ते आता एकाच रकान्यात दशांशात. मग ८ आरला कुणी ०.०८ लिहितो, कुणी ०.८, आणि एका शून्यात आठाचे ऐंशी आर होतात. गट नंबर १२/३ टाकला की एक्सेल त्याची १२ मार्च करतं. पोटहिस्सा गेला, तारीख आली. आधारचं १.२३ई+११ होतं. खाते क्रमांक सोळा आकडी असला तर पंधराव्यापुढचा आकडा गुपचूप शून्य होतो, कुणाला दिसतही नाही. पैसे जात नाहीत, शेतकरी बँकेतून तहसीलला, तहसीलमधून सजेवर, आणि शिव्या खायला तिथं कोण बसलंय? ज्यानं आकडा बरोबर लिहिला होता तोच. अहो, पाठवण्याआधी रकाना 'टेक्स्ट' करून ठेवायचा असतो! दोन क्लिक. दोन! तेवढं तालुक्याच्या पंख्याखाली बसून होत नाही, आणि दोनशे ओळी पुन्हा भरायच्या बांधावरच्यानं, मोबाइलवर, एक टॉवर असताना.

गुगल शीट असेल तर सोन्याहून पिवळं. सगळ्या सजांचे लोक एकाच वेळी आत शिरतात, कुणीतरी एकच रकाना निवडून क्रमवारी लावतो, नावं जागेवर राहतात आणि खाते क्रमांक वरखाली.

शिवाय तिघांना तीन खात्यांची तीन वेगळी प्रपत्रं असू द्या. बांध एकच आहे म्हणून काय झालं.

व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक, भर दुपारी ठेवा आणि नेटवर्कबाहेर असलेल्यांची नावं मोठ्यानं वाचा.

प्रशिक्षण: ॲप सुरू झाल्यावर महिन्याभरानं.

रिकाम्या सजेचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्याला द्या. 'सजा' हा शब्द महसुलात उगाच नाही.

मानसिक आधारही द्यायला हवा. तणावमुक्तीचं शिबिर घ्या, रविवारी, उपस्थिती सक्तीची, फोटो ग्रुपवर. २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे म्हणे. मग दोन दिवस मोकळे आहेतच की.

आणि एवढं करूनही कुणी विचारलंच की "सर, जुन्या प्रपत्रातलं चालेल का?", तर कारणे दाखवा नोटीस. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९, नियम ३ चा भंग, चोवीस तासांत खुलासा. तारीख शुक्रवारची टाका, सोमवारी हातात द्या.

बास झालं. उपरोध करायलाही माणूस आधी शांत लागतो.

साहेब, तुमच्या टेबलावर पीडीएफ संध्याकाळी येते. ती उघडा, पूर्ण वाचा, आणि त्याच रात्री एक पान मराठीत लिहून खाली पाठवा. दर किती, मर्यादा किती, कोण पात्र, कोण नाही, ई-केवायसी कुणाला लागते, कुणाला नाही, अडलं तर फोन कुणाला करायचा. एक पान. तुम्हाला अर्धा तास लागेल. तो अर्धा तास तुम्ही देत नाही म्हणून सजेवरच्या बाईला शंभर माणसांसमोर "माहीत नाही" म्हणावं लागतं, आणि मग लोक म्हणतात, पैसे खायला लपवतेय. हा डाग तुम्ही लावता, तिनं लावून घेतलेला नाही. तिन्ही खात्यांचं प्रपत्र एकत्र बसून ठरवायला काय लागतं? तिन्ही कार्यालयं एकाच रस्त्यावर आहेत. चावडीत आरडाओरडा झाला तर गाडी काढून तिथं जा, तिच्या शेजारी उभे राहा, फोनवरून "सांभाळून घ्या" म्हणू नका. रात्री साडेनऊनंतर काही मागू नका. तेव्हा पाठवलेलं सकाळीही तुम्ही उघडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

परवाचं सुधारित प्रपत्रही तुम्ही उघडलेलं नाही. त्यात रकाना १४ आणि रकाना १९ एकच आहेत.