हवेवर कोरलेलं नाव

आमच्या घरातली निम्मी भांडी दुसऱ्यांच्या नावाची आहेत. कुकरशेजारचं पातेलं 'सौ. शकुंतला' यांचं, या बाई कोण, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. मोठ्या डावावर 'ग. मं.' असं ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं आहे. ते बहुधा कुठल्या तरी गणेश मंडळाचं असावं, पण हा विषय आम्ही पाहुण्यांसमोर काढत नाही.

तर मेव्हणीच्या मुलाची मुंज वैशाखात ठरली. "पितळेचा तांब्या देऊ, नाव घालून," ही म्हणाली. खरं म्हणजे विषय इथेच संपायला हवा होता. भांड्यांच्या दुकानातला पोऱ्या खांद्याशी मोबाइल धरून बोलता बोलता, ते टरटर करणारं मशीन फिरवत, मिनिटभरात नाव घालून देतो. तेही फुकट. पण नेमके त्याच आठवड्यात मी बंदुकीच्या पोलादावर वेलबुट्टी कोरणाऱ्या माणसांचे व्हिडिओ रात्री दोन दोन वाजेपर्यंत पाहिले होते. रंध्याखालून लाकडाचा छिलका निघावा तसं त्यांच्या कलमापुढून धातूचं चकचकीत सालपट गुंडाळत येतं. ते पाहिल्यावर पोऱ्याचं काम म्हणजे नुसते ओरखडे वाटायला लागले.

"नाव मी कोरणार," मी जाहीर केलं.

"अहो, मुंज वैशाखात आहे," ही म्हणाली. तेव्हा फाल्गुन चालू होता.

या कामाचं एक हत्यार मिळतं. तळहातात मावेल अशी मूठ, तिच्या पोटात इवलासा पिस्टन, आणि हवेच्या दाबावर तो मिनिटाला हजारो वेळा कलमाच्या बुडावर टकटक करतो. आपण फक्त कलम वळवायचं, हातोडी हवा मारते. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावातून १९६०च्या दशकात 'ग्रेव्हरमायस्टर' नावाचं असं यंत्र निघालं आणि हाताने कोरणाऱ्यांचे दिवस पालटले. आजचा चांगला संच मागवायचा तर रक्कम लाखाच्या घरात जाते. मी म्हटलं, आत आहे काय? एक नळी, एक पिस्टन, एक स्प्रिंग. घरी करू.

'घरी करू' हे वाक्य आमच्या घराण्यात याआधी एकदाच उच्चारलं गेलं होतं. तेव्हा वडिलांनी गीझर केला होता. त्या न्हाणीघराची एक भिंत अजून काळी आहे.

पहिला प्रयोग माशांच्या टाकीतल्या पंपावर झाला. त्याने कलमाला गुदगुल्या झाल्या, एवढंच. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागल्यावर पंप अर्ध्या तासात परत गेला. मग पुण्याच्या जुन्या बाजारातून रविवारी फ्रिजचा कॉम्प्रेसर आणला, सातशे रुपयांना. विकणारा म्हणाला, "चालू आहे." होताही. फक्त त्याला नळीत आधीचा दाब भरलेला असला की सुरू व्हायचं नसतं. तो नुसता 'हूंऽऽऽ' करायचा, मग 'टिक' करून रुसायचा, आणि पाच मिनिटं कुणाचं ऐकायचा नाही. दर वेळी नळी सोडून त्याच्या छातीवरचं ओझं उतरवावं लागे.

पिस्टनसाठी भोसरीतल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. म्हटलं, दहा मिलिमीटरचा पिस्टन हवा, नळीत सूतभर ढिला. ते माझ्याकडे बघत राहिले. "साहेब, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सूतभर ढिला केला तर खुळखुळा होईल." मग त्यांनीच दोन शतांश मिलिमीटरची फट ठेवली. नळीचं खालचं तोंड बोटाने दाबून वरून पिस्टन सोडला, तर तो मध्येच हवेच्या उशीवर तरंगत राहिला. बोट काढलं आणि सुळ्ळकन खाली. हा खेळ मी तिथे उभ्या उभ्या चाळीस वेळा केला. शेवटी मिस्त्रींनी पैसे मागितले.

आता हवा मागून येणार, पिस्टन पुढे जाऊन कलमाला ठोकणार, तेवढ्यात बाजूचं भोक उघडं पडून हवा निसटणार, स्प्रिंग त्याला मागे ढकलणार, की पुन्हा तेच. कागदावर हे फार सुंदर दिसत होतं. प्रत्यक्षात पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा त्या भोकातून हवेबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही आलं. हे कॉम्प्रेसर जन्मभर बंद डब्यात आपलंच तेल फिरवत बसलेले असतात. बाहेरची हवा मिळाली की ते तेल बाहेर ओकतात. माझा चष्मा, भिंतीवरचं कॅलेंडर आणि हिने नुकतेच आणून ठेवलेले पोहे, सगळ्यांवर बारीक तुषार बसले. पोह्यांबद्दल नंतर जे बोलणं झालं ते इथे देत नाही. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यांच्या दुकानातून तेल अडवणारा फिल्टर आणला. तो कॉम्प्रेसरपेक्षा महाग पडला.

मूठ चालू झाली की आवाज थेट दाताच्या दवाखान्यातला. वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात थांबून म्हणाले, "दाढ ठणकतेय चार दिवस. वेळ किती ते किती?"

कलमाला धार लावण्यात ज्येष्ठ गेला. हो, म्हणजे मुंज तोवर होऊन गेली होती. हिने दुकानातून दुसरा तांब्या आणला, पोऱ्याकडून नाव घालून घेतलं आणि तो देऊनही टाकला. मी पंगतीत मान खाली घालून जेवलो. कलमाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवायचं. घसरलं तर बोथट, अडकलं तर धार आली. माझी नखं त्या महिन्यात उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. टोकाखाली टाचेचा बारीक उतार ठेवला नाही तर कलम पितळेत नाक खुपसतं आणि बाहेर येत नाही. जास्त ठेवला तर सुसाट घसरतं, आणि समोर डाव्या हाताचा अंगठा असतो.

ही इतिहास शिकवते. अंगठ्याला पट्टी बांधता बांधता म्हणाली, "राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा सामानगडचा ताम्रपट शके ६७५चा आहे. तो कोरणाऱ्या माणसाच्या पायाशी फ्रिज नव्हता."

शिवाय रिकामा तांब्या कोरायला घेतला की देवळातल्या घंटेसारखा वाजतो आणि पातळ पितळ चेपतं. म्हणून राळ आणि विटेची पूड गॅसवर वितळवून त्यात ओतली. राळेचा वास पडद्यांना अजून येतो. वळण घेताना कलम नाही, तांब्या फिरवायचा असतो, हे कळायला भाद्रपद उजाडला. 'थ'च्या गाठीने तर मला रडवलं.

मार्गशीर्षात एका रात्री ते सालपट आलं. अखंड, चकचकीत, कुरळं. 'चि. अथर्व यास मौंजीप्रीत्यर्थ सप्रेम भेट.' राळ तापवून काढली, तांब्या चिंचेने घासला आणि हिच्या हातात दिला.

तिने चष्मा लावला. अक्षरावरून बोट फिरवलं, 'थ'पाशी थांबली. कोरीव काम चांगलं झालंय हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि ती ते बोलणार नव्हती.

"मौंजीच्या आधी जागा आहे थोडी," ती म्हणाली. "तिथे 'सोड' घाला. लग्नात देऊ."