परीक्षकांची पसंती, प्रेक्षकांची पसंती आणि ‘साबर बोंडं’

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली असली तरी मुद्द्याची आहे, म्हणून जरा सवडीने उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात २०२५ साली रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला जागतिक कथापटांच्या विभागातलं जे सर्वोच्च पारितोषिक मिळालं ते मूठभर परदेशी परीक्षकांनी दिलेलं, प्रेक्षकांनी निवडला तो ‘डीजे अहमेट’, भारतातलं दैन्य दाखवलं की तिकडे पारितोषिक ठरलेलं, आणि चित्रपट एवढा थोर होता तर आपल्याकडे चालला का नाही?

आधी प्रेक्षक पुरस्कार. त्या वर्षी तिथे मत दिलं कोणी? जानेवारीच्या बर्फात महोत्सवाच्या गावी, म्हणजे युटा राज्यातल्या पार्क सिटीला, किंवा सॉल्ट लेक सिटीला तिकीट काढून बसलेला माणूस, नाहीतर अमेरिकेतच घरबसल्या ऑनलाइन पाहणारा. सांगली-साताऱ्याच्या प्रेक्षकाला त्यात मत नसतं. परीक्षक परदेशी म्हणून त्यांचा निर्णय बाद करायचा असेल, तर हे मतदार कुठले आपल्या आळीतले? शिवाय ‘डीजे अहमेट’ आणि परीक्षकांचं काही वाकडं नव्हतं. उत्तर मॅसिडोनियातल्या तुर्की वंशाच्या युरुक समाजातल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या या गोष्टीला त्याच परीक्षकांनी विशेष पारितोषिकही दिलं. एकाच विभागातल्या दहा चित्रपटांतून परीक्षकांनी एक वर ठेवला, प्रेक्षकांनी दुसरा. यात एकाने दुसऱ्याला खोटं पाडलं, असं मला तरी दिसत नाही. आदल्याच वर्षी, २०२४ मध्ये, याच विभागातला प्रेक्षक पुरस्कार शुची तलाटी यांच्या ‘गर्ल्स विल बी गर्ल्स’ला गेला होता, आणि प्रीती पाणिग्रहीला अभिनयासाठी परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला होता. तेव्हा तिथल्या प्रेक्षकांना भारतीय चित्रपट चालत नाहीत, असंही नाही.

दैन्याचा मुद्दा मला सगळ्यात कच्चा वाटतो. ‘गर्ल्स विल बी गर्ल्स’ घडतो बोर्डिंग शाळेत. २०२२ मध्ये माहितीपटांचं मोठं पारितोषिक मिळालेला शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ दिल्लीत जखमी घारींवर उपचार करणाऱ्या दोन भावांचा आहे. २०२४चा ‘नॉक्टर्न्स’ तर पूर्व हिमालयातल्या पतंगांवर, म्हणजे रात्री उडणाऱ्या कीटकांवर, आहे. पतंगांचं दारिद्र्य पाहून कोणी हळहळल्याचं माझ्या ऐकिवात नाही! पुरस्कारांची यादी वाचण्याआधी निवडलेल्या चित्रपटांची यादी वाचावी, हा माझा आग्रह याचसाठी. निवड करणाऱ्यांची खरी आवडनिवड तिथे दिसते. पारितोषिक वाटण्याची वेळ येते तेव्हा बरंचसं ठरून गेलेलं असतं.

आणि ‘साबर बोंडं’मध्ये दैन्य आहे कुठे? वडील गेल्यावर मुंबईहून गावी आलेला आनंद, दहा दिवसांचं सुतक, ‘लग्न कधी करतोस’ म्हणून मागे लागलेले नातेवाईक आणि बालपणीचा मित्र बाळ्या. मुलगा समलिंगी आहे हे आईला ठाऊक आहे आणि ती त्याच्या पाठीशी उभी आहे. समलिंगी नात्यावरच्या चित्रपटात खेड्यातली आई अशी असणं, ही परदेशी माणसाच्या ठरीव कल्पनेत बसणारी गोष्ट आहे का, तुम्हीच सांगा. दिग्दर्शकाने स्वतःच्या वडिलांच्या निधनानंतरचे दिवस यात वापरले आहेत. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा घाई करत नाही. कंटाळा येऊ शकतो, हे मान्य. तो आक्षेप तुम्ही घेतला असतात तर मी वेगळं उत्तर लिहिलं असतं.

थिएटरचं म्हणाल तर १९ सप्टेंबर २०२५ला तो इथे लागला. आठवडाभर आधी आलेला ‘दशावतार’ जोरात होता आणि त्याच शुक्रवारी ‘जॉली एलएलबी ३’ आला. अशा वेळी गाण्यांशिवायच्या संथ मराठी चित्रपटाला किती पडदे आणि कुठल्या वेळेचे खेळ मिळतात, हे तुम्ही-मी दोघंही जाणतो. ते गणित थिएटरवाल्यांचं आहे. त्याचा जाब सनडान्सच्या परीक्षकांना विचारून काय उपयोग?

एका बाबतीत मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूचा. ‘मराठीचा झेंडा अटकेपार’ छापाच्या मथळ्यांचा मलाही वीट आला आहे. त्यांत चित्रपट कशावर आहे हेसुद्धा धड नसतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न : सनडान्सचे संस्थापक, अभिनेते रॉबर्ट रेडफर्ड गेले, महोत्सवही पार्क सिटी सोडतोय, मग यापुढे तिथे चित्रपट पाठवण्यात अर्थ आहे का? २०२७ पासून सनडान्स कोलोरॅडोतल्या बोल्डरला भरणार आहे. पण जागतिक चित्रपटांची स्पर्धा सनडान्समध्ये २००५ पासून चालू आहे आणि गाव बदललं म्हणून ती बंद होत नाही. तेव्हा ज्याचा चित्रपट तयार आहे त्याने खुशाल पाठवावा.