‘काचेच्या पेटीतली मेणबत्ती’? एकदा आत डोकावून बघा

‘जुने मेणबत्तीचे कंदील म्हणजे काचेच्या पेटीत ठेवलेली मेणबत्ती. त्यात यंत्र असं काही नाही, उजेड नावापुरता. वीज आली आणि ते भंगारात गेले. आता हौशी लोक पितळ घासून कपाटात मिरवतात.’ हा मजकूर हल्ली सगळीकडे फिरतोय. त्यातलं अर्धं वाक्य खरं आहे.

यंत्र नाही म्हणता? घोडागाडीचा चांगला जुना दिवा खोलून बघा. मेणबत्ती धातूच्या नळीत बसते. नळीच्या टोपणाचं भोक मेणबत्तीपेक्षा लहान, त्यामुळे वातच काय ती बाहेर येते. खाली स्प्रिंग. मेण जळेल तशी स्प्रिंग मेणबत्ती वर रेटत राहते आणि ज्योत शेवटपर्यंत एकाच उंचीवर टिकते. परावर्तक आणि भिंग त्या उंचीसाठीच बसवलेले असतात. ज्योत खाली सरकली की झोत भलतीकडे. (टोपण गरम असताना काढू नका, वितळलेल्या मेणासकट स्प्रिंग अंगावर येते.)

मेणही कडक लागतं. चरबीची मऊ मेणबत्ती अशा नळीत दाबाखाली धड टिकत नाही. १८२५ मध्ये शेव्रल आणि गे-ल्युसाक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी स्टिअरिक आम्लाच्या, म्हणजे चरबीतून वेगळ्या काढलेल्या कडक घटकाच्या, मेणबत्त्यांचं पेटंट घेतलं. विणलेली वातही त्याच सुमारास आली. ती जळताना वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला येऊन आपोआप राख होतं. नाहीतर बंद कंदील घडोघडी उघडून काजळी कातरत बसावं लागलं असतं.

उजेडाबद्दल मात्र मजकूर निम्मा बरोबर. मेणबत्ती एकच, तिचा उजेड तो केवढा! परावर्तक उजेड निर्माण करत नाही, चहूकडे जाणारा एका बाजूला वळवतो. पण रस्त्याची कड दिसायला आणि समोरच्याला आपली गाडी दिसायला तेवढा पुरायचा.

‘वीज आली आणि भंगारात गेले’ हे तर तारखांनाच जुमानत नाही. एडिसनचा दिवा १८७९ चा. स्टोनब्रिज या अमेरिकी कंपनीच्या घडीच्या मेणबत्ती-कंदिलाचं पेटंट १९०६ चं! अभ्रकाच्या खिडक्या, दुमडला की चपटा. तंबूत तार कुठून येणार? अमेरिकेतल्या खाणकामगारांकडे लोखंडी मेणबत्तीदाणी असे, लाकडी टेकूत ठोकायला टोकदार खिळा आणि अडकवायला आकडा असलेली. तिची जागा आधी घेतली ती विजेने नव्हे, कार्बाइडच्या दिव्याने (कार्बाइडवर पाणी पडून निघणारा वायू त्यात जळतो).

राहिले संग्राहक. जाणता संग्राहक पॉलिशला सहसा हात लावत नाही. मूळ काळा रंग घासून गेला की गेलाच. तो आधी बघतो स्प्रिंग आहे का, नळी मूळची आहे का, अभ्रक शाबूत आहे का आणि कुणी विजेचा बल्ब बसवायला तळाला भोक तर पाडलं नाही ना. कंदिलावर ठोकलेलं पेटंटचं सालही तो जपून वाचतो. ते पेटंटचं साल, बनावटीचं नव्हे. त्यानंतरही बरीच वर्षं तोच ठसा वापरला गेलेला असू शकतो, आणि विकणारा ते साल कंदिलाची जन्मतारीख म्हणून सांगत असतो.